सिमच्या काउंटरवर आपल्या माहितीच्या किती प्रती निघतात?

नागपुरात ‘छोटी मोबाइल कंपनी’ शोधायला निघालात तर हाती फारसं काही लागणार नाही. जिओ, एअरटेल, व्होडाफोन-आयडिया, बीएसएनएल, झाली यादी. पण ग्राहकाची गाठ या कंपन्यांच्या मुख्यालयाशी पडतेच कधी? ती पडते बर्डीच्या गल्लीतल्या दुकानाशी, सक्करदऱ्याच्या चौकात छत्री लावून सिम विकणाऱ्या पोराशी, आणि घरच्या इंटरनेटसाठी मनीषनगर किंवा जरीपटक्यातल्या केबलवाल्याशी. नाव मोठ्या कंपनीचं असलं तरी आपलं आधार हातात धरणारा माणूस छोटाच असतो.

कंपनीच्या सर्व्हरवर आपलं काहीच चालत नाही. तिथली सुरक्षा चांगली की वाईट हे आपल्याला बाहेरून कळत नाही आणि कळलं तरी बदलता येत नाही. काउंटरवर मात्र चालतं. म्हणून या लेखात एकच गोष्ट धरून पुढे जाऊ: आपली माहिती कंपनीपर्यंत पोचताना वाटेत तिच्या किती प्रती मागे राहतात, आणि त्यातल्या कोणत्या राहायलाच नकोत.

कोणाला काय दिसतं

मोबाइल ग्राहकाची माहिती साधारण चार थरांत असते. पहिला थर ओळखीचा: नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो, ओळखपत्राचा तपशील. ही माहिती ज्या अर्जात भरली जाते त्याला सिमच्या धंद्यातले लोक ‘कॅफ’ म्हणतात. दुसरा थर कॉलच्या नोंदींचा, म्हणजे सीडीआर. कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरला, किती वाजता, किती वेळ आणि कोणत्या टॉवरवरून बोलणं झालं, हे त्यात येतं. काय बोलणं झालं हे येत नाही. तिसरा थर ठिकाणाचा. बर्डीसारख्या दाट भागात टॉवर जवळजवळ असतात, त्यामुळे फोनची जागा बरीच नेमकी कळते. हिंगण्यापलीकडच्या शेतात तोच अंदाज काही किलोमीटरचा होतो. चौथा थर रिचार्ज, प्लॅन आणि डेटाच्या वापराचा.

दुकानदाराच्या हाती पहिला थर आणि चौथ्यातला थोडासा भाग येतो. सीडीआर त्याच्या अ‍ॅपमध्ये नसतो. त्यामुळे ‘कॉल डिटेल काढून देतो’ असं कुणी दुकानात सांगत असेल तर तो एकतर थापा मारतोय किंवा आत कुणालातरी पैसे चारतोय. सीडीआर मागण्याचा अधिकार तपास यंत्रणांना आहे, आणि पोलिसांकडून ती मागणी अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत जावी लागते. तरी बाजार होता. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी बेकायदा सीडीआर मिळवून विकणाऱ्यांवर कारवाई केली, त्यात खासगी गुप्तहेरही अटकेत गेले. घटस्फोटाच्या भांडणात किंवा धंद्यातल्या वैरात असल्या नोंदींना भाव येतो.

या नोंदी किती दिवस राहतात? डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्याच्या अटी बदलल्या. कॉलच्या आणि इंटरनेट वापराच्या नोंदी ठेवण्याची किमान मुदत एक वर्षावरून दोन वर्षं झाली. सिम बंद केलं किंवा नंबर पोर्ट केला म्हणून जुन्या कंपनीतल्या नोंदी पुसल्या जात नाहीत.

अंगठा, ओटीपी आणि झेरॉक्स

१ जानेवारी २०२४ पासून नवं सिम घेताना कागदी अर्ज बंद झाला. आता दोन वाटा आहेत.

पहिली आधार ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ग्राहकाची ओळख पटवणं. ग्राहक अंगठा किंवा बोट लावतो, आधार प्राधिकरण ते जुळवतं आणि नाव, पत्ता, फोटो कंपनीच्या प्रणालीत पाठवतं. दुसरी डिजिटल केवायसी. यात दुकानदार कंपनीच्या अ‍ॅपमधूनच मूळ ओळखपत्राचा फोटो काढतो, समोर उभ्या ग्राहकाचा फोटो काढतो, त्यावर जागा आणि वेळ आपोआप उमटते, आणि ग्राहकाने दिलेल्या दुसऱ्या नंबरवर ओटीपी जातो. हा ओटीपी म्हणजे नियमाने तुमची सही. ‘ऑफर चालू करायला एक ओटीपी आलाय, सांगा’ या वाक्याला मान डोलावण्याआधी संदेश पूर्ण वाचावा तो यासाठी.

दोन्ही वाटांमध्ये झेरॉक्स कुठेच लागत नाही. हे नीट लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं. साधा वैयक्तिक ग्राहक असताना दुकानदार आधारची झेरॉक्स मागत असेल तर ती कंपनीला नको आहे, दुकानदाराला हवी आहे. कधी जुन्या सवयीने, कधी ‘फाइलला लागते’ म्हणून. ती काउंटरखालच्या पुठ्ठ्याच्या डब्यात जाते आणि दुकान बदललं की रद्दीत. तीच गत व्हॉट्सअ‍ॅपची. ‘आधारचा फोटो टाकून द्या, तोवर फॉर्म भरून ठेवतो’ म्हटलं की तुमच्या आधारची एक प्रत त्याच्या गॅलरीत, एक त्याच्या बॅकअपमध्ये आणि एक तुमच्याच चॅटमध्ये उरते. अ‍ॅपने काढलेला फोटो अ‍ॅपमध्येच जायला हवा. दुकानदाराने फोनचा साधा कॅमेरा उघडला तर तिथेच थांबवा: “भाऊ, कंपनीच्या अ‍ॅपमधूनच काढा.” यात कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. प्रामाणिक दुकानदारालाही असल्या प्रती सांभाळणं हे ओझंच असतं.

झेरॉक्स द्यावीच लागली, समजा केबलच्या जोडणीसाठी, तर मास्क्ड आधार द्या. आधारच्या संकेतस्थळावरून तो उतरवता येतो आणि त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. कागदावर आडव्या अक्षरांत लिहा: ‘फक्त अमुक जोडणीसाठी’, तारीख, सही. अक्षरं फोटोवरून आणि पत्त्यावरून गेली पाहिजेत. कोपऱ्यात लिहिलेलं कापून टाकता येतं.

आता अंगठा. फिंगरप्रिंटचं यंत्र ठसा आतल्या आत कुलूपबंद करून पाठवतं, त्यामुळे ‘दुकानदाराने ठसा साठवून ठेवला’ ही भीती अधिकृत यंत्राच्या बाबतीत फारशी खरी नाही. खरी चलाखी साधी असते. काचेवर लाल उजेड लागतो, अंगठा ठेवला जातो, आणि आवाज येतो, “काकू, नीट नाही आला जी, परत लावा.” पहिला ठसा नीट आलेला असतो, त्यावर तुमचं सिम झालेलं असतं. दुसऱ्या ठशावर तुमच्याच नावाचं दुसरं सिम निघतं आणि ते तुम्हाला कधीच दिसत नाही. अशीच सिमं पुढे फसवणूक करणाऱ्यांच्या हाती जातात.

अर्थात प्रत्येक वेळी ‘परत लावा’ म्हणजे फसवणूक असं नाही. मजुरी करणाऱ्यांचे, धुणीभांडी करणाऱ्यांचे, वयस्कांचे ठसे झिजलेले असतात. मे महिन्यात घामाने बोट घसरतं. म्हणून स्क्रीन बघा. ठसा फसला तर अ‍ॅप तसं स्पष्ट लिहितं. दुकानदार स्क्रीन फिरवून दाखवायला तयार नसेल, तर ‘डिजिटल केवायसी करा, अंगठा नको’ म्हणता येतं. आधार वापरणं ग्राहकाच्या मर्जीवर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात मोबाइल नंबरला आधार जोडण्याची सक्ती रद्द केली, आणि नंतर २०१९ मध्ये कायदा बदलून स्वेच्छेने आधार देण्याची मुभा ठेवली गेली. मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना चालतो.

घरी आल्यावर आधारच्या अधिकृत अ‍ॅपमध्ये किंवा संकेतस्थळावर प्रमाणीकरणाचा इतिहास बघा. मागच्या सहा महिन्यांत आधार कुठे, कधी, कोणत्या पद्धतीने वापरलं गेलं ते तिथे दिसतं. काउंटरवर एकदाच अंगठा दिला आणि पाच मिनिटांच्या अंतराने दोन यशस्वी नोंदी दिसल्या तर गडबड आहे. त्याच अ‍ॅपात बायोमेट्रिक लॉक करून ठेवायची सोय आहे. सिम किंवा रेशनच्या वेळी तेवढ्यापुरतं उघडायचं. आई-वडिलांचं आधार असं लॉक करून ठेवणार असाल तर त्यांना सांगून ठेवा, नाहीतर रेशन दुकानात अंगठा चालणार नाही आणि दोष यंत्राला जाईल.

आणखी एक बारीक खोच आहे. फॉर्ममध्ये ‘पर्यायी नंबर’ विचारतात. ग्राहकाकडे दुसरा फोन नसला की दुकानदार घाईत स्वतःचाच नंबर टाकतो. काम लगेच होतं खरं, पण त्या जोडणीसंबंधीचे ओटीपी आणि निरोप पुढेही त्याच्याकडे जाऊ शकतात. घरातल्याच कुणाचा नंबर द्या.

छत्रीवाल्याकडून सिम घेऊच नये असं नाही. त्याची नोंद हवी. १ डिसेंबर २०२३ पासून सिम विकणाऱ्या प्रत्येक ठिकाणाची कंपनीकडे नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणी नसलेल्याकडून विक्री झाली तर कंपनीला १० लाख रुपये दंड होऊ शकतो. विक्रेत्याकडे कंपनीने दिलेला ओळख क्रमांक असतो, तो विचारायला हरकत नाही. आणि ‘माझ्या नावावर चालू केलेलं सिम आहे, शंभर रुपयांत घेऊन जा’ या सौद्याला हात लावू नका. फसवून सिम मिळवणाऱ्यासाठी दूरसंचार कायदा, २०२३ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड आहे.

आपल्या नावावर किती सिमं आहेत

महाराष्ट्रात एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त नऊ जोडण्या चालतात. किती आहेत हे बघायला दूरसंचार विभागाचं ‘संचार साथी’ संकेतस्थळ आहे, मे २०२३ पासून. त्याचं अ‍ॅपही आहे. आपल्या नावावरच्या मोबाइल जोडण्या बघण्याचा पर्याय निवडा, नंबर टाका, चित्रातली अक्षरं भरा, ओटीपी द्या. यादी येते. त्यात नंबर अर्धवट झाकलेले असतात, पण सुरुवातीच्या आणि शेवटच्या आकड्यांवरून ओळखू येतात.

प्रत्येक नंबरापुढे तीन पर्याय असतात: हा नंबर माझा नाही, नको आहे, हवा आहे. पहिल्या दोघांत गल्लत होते. जो नंबर तुम्ही कधी घेतलाच नाही त्याला ‘माझा नाही’ म्हणा. जो घेतला होता पण आता वापरात नाही, त्याला ‘नको’. चुकून स्वतःच्या चालू नंबराला ‘माझा नाही’ केलं तर फेरपडताळणीचा निरोप येतो आणि ती मुदतीत केली नाही तर नंबर बंद पडतो. नोंद झाल्यावर संदर्भ क्रमांक मिळतो, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. पुढे पोलिसांकडे जायची वेळ आली तर तो तुमच्या बाजूचा पहिला कागद.

ज्याच्या नावावर नंबर आहे त्याचीच यादी दिसते. आपल्याकडे मुलाचं सिम बाबांच्या नावावर, सुनेचं नवऱ्याच्या नावावर, हे सर्रास चालतं. अशा नंबराने आत गेलात तर तुमच्या नावावरच्या सिमांचा पत्ताच लागत नाही. घरातल्या प्रत्येकाची यादी त्याच्या-त्याच्या नावावरच्या नंबराने बघावी लागते. कोणत्याही काउंटरवर अंगठा दिल्यावर दोन-तीन दिवसांनी एकदा, आणि एरवी वर्षातून दोनदा एवढं पुरे.

रिचार्जची वही

हा विषय छोटा, पण त्रास मोठा. रिचार्जच्या दुकानात अजूनही लांब पानाची वही असते: नंबर, रक्कम, कधी नाव. मागचा गिऱ्हाईक मान वाकवून वाचू शकतो. मुलींचे नंबर या वह्यांमधून बाहेर गेल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. वसतिगृहात आणि खोली करून राहणाऱ्या मुलींनी शक्यतो स्वतःच्या फोनवरून यूपीआयने रिचार्ज करावा. गावाकडच्या आईचा रिचार्ज नागपुरातून मुलाने केला तरी चालतो. त्याला ना तिचा फोन लागतो ना ओटीपी. रिचार्ज करून देताना दुकानदार ग्राहकाचा फोन मागत असेल, तर त्याचं कारण काहीही असलं तरी रिचार्ज हे नाही.

सिम अचानक गेलं तर

ओळखीच्या थराची चोरी झाली की पुढचा घाव बहुधा सिम स्वॅपचा. चोर तुमचं नाव, जन्मतारीख, ओळखपत्राची प्रत घेऊन कुठल्यातरी काउंटरवर ‘माझं सिम हरवलं’ सांगतो. नवं सिम चालू होतं, तुमचं मरतं, आणि बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात. म्हणूनच नवं सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवायचा नियम आहे. ते २४ तास मुळात खऱ्या मालकासाठी ठेवलेले आहेत, पण आपण ‘नेटवर्क गेलं असेल’ म्हणून त्यातले निम्मे घालवतो.

ओळखायचं कसं? शेजारच्याच्या त्याच कंपनीच्या फोनला रेंज आहे आणि तुमच्याकडे ‘नो सर्व्हिस’. फोन बंद-चालू करून दहा मिनिटांत फरक पडला नाही तर दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारा: “या नंबरवर सिम बदलण्याची विनंती आली आहे का?” आली असेल तर सिम तात्काळ बंद करायला सांगा, तक्रार क्रमांक घ्या, मग बँकेला फोन करून खातं आणि यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यांत अडवली जाण्याची शक्यता जास्त. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी नोंद आणि नागपूर शहर सायबर पोलीस ठाणं.

पोर्टिंगच्या आडूनही हाच खेळ होत असे. म्हणून १ जुलै २०२४ पासून ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, नियम केला की सिम बदलल्यापासून सात दिवस पोर्टिंगचा कोड मिळणार नाही. १९०० वर ‘पोर्ट’ पाठवल्यावर येणारा हा कोड आपल्याकडे चार दिवस चालतो. तेवढ्या काळात तो ओटीपीइतकाच जपायचा. ‘कंपनीतून बोलतोय, कोड सांगा’ म्हणणारा कंपनीतला नसतो, कारण कंपनीला तो विचारायची गरजच नाही.

फोन चोरीला जायची भीती असेल तर सिमला पिन लावा. तीन वेळा चुकला तर पीयूके, म्हणजे कंपनीकडचा सिम उघडायचा आकडा, लागतो, आणि पीयूके दहा वेळा चुकला तर सिम कायमचं निकामी. कंपनीचा मूळ पिन ठाऊक नसताना अंदाजाने आकडे दाबत बसू नका.

केबलवाल्याचं इंटरनेट

खरा ‘छोटा पुरवठादार’ बघायचा तर तो हा. परवाना एका कंपनीचा, वायर ओढणारा वस्तीतला केबलवाला, मधे एखादा वितरक. ग्राहकाची नोंद तिन्ही ठिकाणी, शिवाय जोडणी करायला आलेल्या पोराच्या फोनमध्ये. अशा ठिकाणी ग्राहकांचं पॅनेल असतं, त्यात नाव, पत्ता, नंबर, प्लॅन, शेवटचं लॉगिन दिसतं. पॅनेलचा एकच पासवर्ड सगळ्या पोरांना माहीत, आणि काम सोडून गेलेल्यालाही तोच चालतो. यात हॅकिंग नावालाही नाही. तक्रारींसाठी केलेला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हा दुसरा प्रकार. अख्ख्या वस्तीचे नंबर एकमेकांना उघडे, त्यात ‘आम्ही पंधरा दिवस गावी आहोत, नेट बंद ठेवा’ असा निरोप. घर रिकामं असल्याची जाहिरातच ती. असला निरोप खासगीत द्या.

केबलवाल्याला आपलं काय दिसतं? व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर किंवा बँकेच्या पानावर टाकलेला पासवर्ड दिसत नाही; ते कुलूपबंद जातं. पण कोणत्या संकेतस्थळांवर गेलात, किती वाजता, किती डेटा ओढला, हे त्याच्या प्रणालीत कळू शकतं, कारण नावाचा पत्ता शोधायचं काम, म्हणजे डीएनएस, सहसा त्याच्याच सर्व्हरवर होतं. अँड्रॉइड ९ पासून पुढच्या फोनांत सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ आहे. तिथे विश्वासाच्या मोठ्या सेवेचं नाव टाकलं की हा शोधही कुलूपबंद होतो. त्यानेही सगळं झाकलं जात नाही. जोडणी सुरू होताना संकेतस्थळाचं नाव बहुतेकदा उघडंच जातं. थोडक्यात, केबलवाल्याचा कुतूहल म्हणून बघण्याचा सोपा रस्ता बंद होतो, एवढंच.

राउटरकडे मात्र लगेच लक्ष द्या. जोडणी करणारा पोरगा वाय-फायचा पासवर्ड बहुधा तुमचाच मोबाइल नंबर किंवा नावापुढे १२३ असा ठेवतो, म्हणजे त्याला पुढच्या वेळी विचारावं लागत नाही. तो गेल्यावर राउटरच्या पानावर जा, पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ असतो आणि राउटरखालच्या चिठ्ठीवर लिहिलेला असतो. वाय-फायचा पासवर्ड बदला. राउटरचा स्वतःचा, म्हणजे अ‍ॅडमिनचा पासवर्डही बदला. बाहेरून राउटर चालवायची सोय आणि डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डशिवाय बटण दाबून जोडायची सोय, बंद करा. काही राउटरमध्ये पुरवठादाराने हे पर्याय लपवलेले असतात. तेव्हा त्याच्याकडूनच बंद करून घ्या, आणि जमल्यास त्याच्या राउटरच्या मागे स्वतःचा एक राउटर लावा.

छोट्या पुरवठादारांकडे आणखी एक तिढा असतो, ज्याकडे फारसं कुणी बघत नाही. आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवर जोडणी ओळखायचे आकडे, कमी म्हणून अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता मिळतो. त्या पत्त्यावरून कुणी गुन्हा केला तर पोलीस पुरवठादाराला विचारतात, अमुक सेकंदाला हा पत्ता कोणाकडे होता? नोंदी नीट नसल्या, घड्याळ काही मिनिटं पुढेमागे असलं, तर उत्तरात निर्दोष ग्राहकाचं नाव येऊ शकतं. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत प्रणालींची घड्याळं जुळवून ठेवायला, १८० दिवसांच्या नोंदी जपायला आणि सायबर घटना सहा तासांत कळवायला सांगितलंय, ते याच कारणासाठीही मोलाचं आहे. घरचा वाय-फाय पासवर्ड गल्लीभर वाटू नये, यामागचं खरं कारणही हेच.

टॉवर नसलेल्या कंपन्या

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, स्वतःचा एकही टॉवर नसलेल्या मोबाइल कंपन्या भरपूर आहेत. त्या मोठ्या कंपनीकडून घाऊक भावाने नेटवर्क घेतात आणि स्वतःच्या नावाने सिम विकतात. भारतातही २०१६ पासून अशा आभासी कंपन्यांसाठी परवाना आहे, पण धंदा फारसा रुजला नाही. नागपूरचे बरेच विद्यार्थी आणि आयटीतले लोक तिकडे गेल्यावर स्वस्त म्हणून अशांचंच सिम घेतात, म्हणून थोडक्यात.

यात माहिती दोन घरांत राहते, विकणाऱ्याच्या आणि नेटवर्कवाल्याच्या. जानेवारी २०२३ मध्ये गूगल फाय या अशाच कंपनीने ग्राहकांना कळवलं की त्यांची काही माहिती फुटली. फुटली होती ती त्यांना नेटवर्क पुरवणाऱ्या कंपनीकडून. उलट बाजूचं उदाहरण ट्रॅकफोनचं. तिथे कंपनीच्या स्वतःच्या प्रणालींना जोडणाऱ्या दुव्यांमधल्या त्रुटींतून ग्राहकांची माहिती गेली, काहींचे नंबर परस्पर पोर्ट झाले, आणि जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाशी तडजोडीत कंपनीला १ कोटी ६० लाख डॉलर भरावे लागले. तिथल्या १९९६ च्या कायद्याने कॉलच्या नोंदी, प्लॅन, बिल ही ग्राहकाची जपायची माहिती ठरवली आहे, आणि ती कशी जपली याचं प्रमाणपत्र कंपनीच्या अधिकाऱ्याच्या सहीने दरवर्षी १ मार्चपर्यंत आयोगाला द्यावं लागतं. छोटी कंपनी म्हणून त्यातून सुटका नाही. तिकडे सिम घेतल्याबरोबर खात्याला वेगळा पिन लावा आणि ‘पोर्ट-आउट लॉक’, म्हणजे नंबर परस्पर दुसरीकडे नेता येऊ नये याचं कुलूप, चालू करा.

मोठ्या घराचेही वासे पोकळ असू शकतात, हे आपल्याकडे बीएसएनएलच्या प्रकरणात दिसलं. २० मे २०२४ रोजी सर्ट-इनने कंपनीला संभाव्य घुसखोरी कळवली; एका सर्व्हरवर सर्ट-इनने दाखवलेल्या नमुन्याशी जुळणारी माहिती सापडल्याचं सरकारने नंतर संसदेत सांगितलं.

तक्रार कुठे, कशाच्या जोरावर

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यावर उभा राहिलेला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण ग्राहकाच्या कामाची बहुतेक कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. ती लागू झाली की माहिती फुटल्यावर प्रत्येक बाधित ग्राहकाला कळवावं लागेल, डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यावा लागेल, आणि सुरक्षेत हयगय झाल्यास दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकेल. गल्लीतल्या दुकानदाराच्या चुकीची जबाबदारीही ज्या कंपनीसाठी तो काम करतो तिच्यावर येईल. मला या कायद्यातली सगळ्यात कामाची बाब ही वाटते, कारण २५० कोटींचा आकडा दुकानदाराला घाबरवत नाही. पण त्याच्या चुकांची किंमत कंपनी मोजणार म्हटल्यावर ती त्याच्या काउंटरकडे बघू लागेल.

तोवर काय? माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७२अ आहे. सेवेच्या करारातून मिळालेली वैयक्तिक माहिती संमतीविना, नुकसान करण्याच्या हेतूने किंवा तसं होणार हे ठाऊक असताना दुसऱ्याला दिली तर तीन वर्षांपर्यंत कैद. त्याच कायद्याखाली ५ कोटींपर्यंतच्या भरपाईचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, मुंबईला, चालतात.

रोजच्या तक्रारीची वाट सोपी आहे. आधी कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन करून क्रमांक घ्या. दाद मिळाली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत अपील. त्याचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. त्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मोबाइल कंपनीविरुद्ध तिथे जाता येतं की नाही हा वाद फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूने मिटवला. तक्रारीत ‘माझी माहिती फुटली’ एवढंच लिहिलं तर ती पुढे सरकत नाही. कोणत्या दुकानात, कोणत्या तारखेला, कोणती प्रत घेतली, आधारच्या इतिहासातली कोणती नोंद तुमची नाही, संचार साथीचा संदर्भ क्रमांक काय, हे लिहा.

आणि नंबर सोडणार असाल तर आधी त्याची मुळं काढा. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. त्याआधी बँक, आधार, पॅन, गॅस, ई-मेल आणि यूपीआयवरून तो बदला, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘नंबर बदला’ करा, आणि सगळ्यात शेवटी सिम बंद करा. उलट क्रमाने गेलात तर हे बदल करताना जुन्या नंबरवर येणारे ओटीपीच मिळणार नाहीत.